वंदन गडावरचा सरखेल : दर्यावर्दी विद्या, परीक्षा आणि दाखला

१/
सातारा शहराच्या उत्तरेला चंदन आणि वंदन हे जोडकिल्ले उभे आहेत. माथ्यावरून दिसतात ते डोंगर, शेते आणि गावे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, दृष्टीच्या टप्प्याबाहेर. इ.स. १७५६ नंतर यांपैकी वंदन गडावर एक असा कैदी ठेवण्यात आला, ज्याचे सारे कर्तृत्व खाऱ्या पाण्यावर घडले होते. त्याचे नाव तुळाजी आंग्रे सरखेल. विजयदुर्गाच्या पाडावाच्या वेळी तो पेशव्यांच्या हाती आला आणि त्याचे उर्वरित आयुष्य देशावरील किल्ल्यांच्या बंदिवासातच सरले.

२/
तुळाजीच्या पराभवाची राजकीय कारणे अनेकदा चर्चिली जातात. या धाग्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. असा दर्यावर्दी बंदिवासात पडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय हरवते? वारे, भरती-ओहोटी, खडक, तोफा आणि माणसे यांविषयीचे त्याचे ज्ञान दुसऱ्या कोणाकडे पोहोचण्याची काही व्यवस्था होती का? नाविकाचे औपचारिक शिक्षण, परीक्षा आणि दाखला या कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींचे महत्त्व या प्रश्नातून उलगडते. त्याचे धागेदोरे समुद्रापासून दूर असलेल्या सातारा-सांगलीपर्यंत येतात.

३/
प्रारंभ शिवकाळापासून करावा लागतो. इ.स. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधण्यास घेतली. या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जाणकार आणि त्याच्या हाताखालची शेकडो माणसे होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका जाणवला. त्यांनी आपल्या माणसांना परत फिरण्यास प्रवृत्त केले आणि हे कारागीर काम टाकून निघून गेले. आरमाराची बांधणी मात्र थांबली नाही. किनाऱ्यावरच्या सुतारांनी आणि दर्यावर्दींनी ती पुढे नेली. पदरी ठेवलेली परकी विद्या एका रात्रीत पाय काढू शकते, हा धडा मात्र स्वराज्याला फार लवकर मिळाला.

४/
किनाऱ्यावरच्या या माणसांची विद्या कमी प्रतीची नव्हती. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा समाजांतील मुलगा लहानपणीच होडीत चढे. पाण्याचा रंग पालटला की तळ बदलला, पाण्यात साप दिसू लागले की किनारा जवळ आला, हे तो वडीलधाऱ्यांकडून शिके. सागरी सर्पांची ही खूण सुमारे 'पेरिप्लस'च्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून, नोंदलेली आहे. अरबी समुद्रावरचे नाविक 'कमाल' नावाच्या लहानशा फळीने आणि गाठी मारलेल्या दोरीने ध्रुवताऱ्याची उंची मोजत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाणे हा तर सुरक्षिततेचा नियमच होता, सणाच्या रूपाने पाळला जाणारा.

५/
या शिक्षणाला शाळा नव्हती, पण शिस्त होती. चुकीची शिक्षा समुद्र स्वतः देत असे. मात्र त्याची एक मर्यादा होती : ते घरातून घरात आणि जातीतून जातीत वाहत असे. तांडेलाचा मुलगा तांडेल होई. एखादा अनुभवी माणूस दगावला, गाव सोडून गेला किंवा शत्रूला मिळाला, की त्याची विद्या राज्याच्या दृष्टीने नाहीशी होई. किती माणसे जहाज चालविण्यास खरोखर पात्र आहेत, हे दरबाराला कळण्याचा मार्ग केवळ एकच होता : त्यांच्या सरदाराचा शब्द.

६/
मराठी राज्यकर्त्यांना आरमाराचे महत्त्व उमगले नव्हते, असे म्हणता येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्यावर सविस्तर विवेचन केले आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा असावा, पावसाळ्यात आरमार कोठे व कसे नांगरावे, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेला त्रास होऊ नये, अशा बारीक गोष्टी तिथे आहेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ नौकाबांधणी, छावणी, शिस्त आणि व्यापाऱ्यांशी वागणूक यांचा विचार करतो. सुकाणू धरणारा जाणता माणूस किनाऱ्यावर मिळेलच, हे त्या काळी गृहीत होते.

७/
याच काळात सातारा हे मराठी राज्याचे केंद्र झाले होते. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. कान्होजी आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचे होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटी करून त्यांना शाहूंच्या बाजूला वळवले. कान्होजींकडे सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले राहिले. साताऱ्याच्या राजाचे समुद्रावरचे सामर्थ्य आता एका घराण्याच्या हाती एकवटले. हे घराणे असामान्य कर्तबगार निघाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाईही फसली.

८/
कान्होजींच्या सत्तेची एक खूण म्हणजे 'दस्तक'. त्यांच्या टापूतून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने परवाना घ्यावा, अन्यथा जप्ती ठरलेली. पोर्तुगीज हेच काम 'कार्ताझ' नावाच्या कागदाने दोन शतके करत होते. समुद्रावर कागदाचे मोल काय असते, हे मराठी आरमाराला पुरते ठाऊक होते. पण तो कागद जहाजाचा होता. जहाज कोणाचे, माल कोणता, कर भरला की नाही, हे तो सांगे. ते चालवणारा माणूस त्या कामास योग्य आहे का, हे सांगणारा कागद मात्र अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर अजून अवतरला नव्हता.

९/
घराण्यावर विसंबण्याची किंमत १७३३ मध्ये दिसली. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रावर सिद्दीकडील हल्ला झाल्यानंतर ब्रह्मेंद्रस्वामी साताऱ्याजवळच्या धावडशीस येऊन राहिले होते. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम व्हावी, यासाठी त्यांचा शाहू महाराजांकडे आग्रह होता. मोहीम निघाली, रायगड परत मिळाला. पण जंजिरा समुद्रात होता आणि तिथे आंग्र्यांच्या आरमाराखेरीज इलाज नव्हता. ऐन मोहिमेच्या वर्षी सेखोजी आंग्रे मरण पावले. भावांत वारसा आणि अधिकार यांवरून तेढ निर्माण झाली. जंजिरा हाती न येताच वेढा आवरावा लागला.

१०/
जंजिरा न मिळण्यामागे सरदारांतील बेबनाव आणि सिद्दीला मिळालेली बाहेरची मदत हीसुद्धा कारणे होती. तरीही एका सेनानीच्या मृत्यूने अवघे आरमार पांगळे व्हावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. १७३५ मध्ये बाजीरावांनी आंग्र्यांची दौलत वाटून दिली : मानाजी कुलाब्यास, संभाजी सुवर्णदुर्गाकडे. आरमारही वाटले गेले. जहाजांप्रमाणेच जाणते तांडेल, गोलंदाज आणि सुतारही कोणत्या भावाकडे जायचे, हे घरच्या भांडणात ठरले. संभाजींनंतर तुळाजींकडे दक्षिणेकडील भाग आला.

११/
याच शतकात, किंबहुना त्याही आधी, जगाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळा प्रयोग रुजत होता. स्पेनमधील सेव्हिल येथे परदेशी व्यापाराचे सरकारी कार्यालय १५०३ मध्ये स्थापन झाले. १५०८ मध्ये तिथे 'मुख्य मार्गदर्शक' असे पद निर्माण करून अमेरिगो व्हेस्पुची याची नेमणूक झाली. ज्याच्या नावावरून अमेरिका खंड ओळखला जातो, तोच हा माणूस. नव्या खंडाकडे जाणाऱ्या जहाजांच्या मार्गदर्शकांची परीक्षा घेणे आणि प्रमाण नकाशा अद्ययावत ठेवणे ही त्याची कामे. परत आलेल्या नाविकाचे ज्ञान नकाशावर उतरे आणि पुढच्या नाविकाला मिळे.

१२/
इंग्लंडमध्ये १६७७ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर तीनच वर्षांनी, सॅम्युअल पेपिस या नौदलाच्या कारभाऱ्याने लेफ्टनंटपदासाठी परीक्षा लागू केली. तोवर तिथेही दोन जाती होत्याच म्हणा. एक खानदानी 'जंटलमन', ज्यांना वशिल्याने हुद्दा मिळे पण समुद्र कळत नसे. दुसरे 'टारपॉलिन', म्हणजे डांबर फासलेल्या ताडपत्रीवाले, ज्यांना समुद्र कळे पण हुद्दा क्वचित मिळे. पेपिसची अट सर्वांना सारखी होती : किमान वीस वर्षे वय, तीन वर्षांची समुद्रावरची सेवा, वरिष्ठांचे दाखले आणि तोंडी परीक्षा. उमरावाच्या मुलालाही दोर ओढूनच वर यावे लागणार होते.

१३/
आता पुन्हा विजयदुर्ग. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी, पेशव्यांशी झालेल्या संगनमताच्या आधारे, विजयदुर्गावर हल्ला चढवला. तुळाजीने पूर्वी पकडलेल्या एका इंग्रजी जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन नांगरलेले सारे आरमार भस्मसात झाले. हा निकाल एखाद्या परीक्षापद्धतीमुळे लागला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अवजड तोफा, पैसा आणि मराठ्यांमधील आपसातील वैर यांचा वाटा मोठा होता. पेशव्यांचे आरमार पुढेही धुळपांच्या नेतृत्वाखाली लढत राहिले.

१४/
पण एक तुलना टाळता येत नाही. विजयदुर्गानंतर सुमारे दीड वर्षाने, ऑगस्ट १७५७ मध्ये, वॉटसन कोलकात्यात आजाराने मरण पावला. त्याच्या हाताखालचा ॲडमिरल पोकॉक याने ताफ्याची सूत्रे घेतली. वारशाचा तंटा झाला नाही, जहाजे वाटली गेली नाहीत. एका वर्षाच्या आत पोकॉक फ्रेंचांशी लढत होता. सेखोजींच्या मृत्यूनंतर आंग्र्यांचे जे झाले, ते वॉटसनच्या मृत्यूनंतर इंग्रजांचे झाले नाही. संस्थेने घडवलेला माणूस गेला तर त्याच संस्थेने घडवलेला दुसरा उभा राहतो. वॉटसन तुळाजीपेक्षा अधिक शूर होता की नव्हता, हा प्रश्नच तिथे गौण ठरतो.

१५/
व्यापारी जहाजांना ही शिस्त यायला आणखी शंभर वर्षे लागली. ब्रिटिश व्यापारी जहाजे मोठ्या संख्येने बुडू लागली तेव्हा १८३६ मध्ये संसदेच्या समितीने कारणे शोधली. त्यांत कप्तान आणि अधिकाऱ्यांची अपात्रता व मद्यपान यांचा स्पष्ट उल्लेख होता. १८४५ मध्ये ऐच्छिक आणि १८५० च्या कायद्याने परदेशी व्यापारातील जहाजांच्या कप्तान व मेटसाठी सक्तीची परीक्षा आली. जहाजमालकाचा मेहुणा असणे यापुढे पुरेसे राहिले नाही. दाखल्याचा उगम असा जहाजफुटींच्या हिशेबातून झाला आहे.

१६/
हिंदुस्थानात मात्र याच दाखल्याची भिंत झाली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील हजारो माणसे आगबोटींवर खलाशी, तांडेल, सारंग म्हणून राबत होती. वीस-तीस वर्षे समुद्रावर काढलेला सारंग कोवळ्या इंग्रज उमेदवाराला जहाज समजावून सांगे. पण अधिकारी होई तो उमेदवार. परीक्षा इंग्रजीत, तिच्यासाठीची उमेदवारी ब्रिटिश कंपन्यांच्या हाती आणि प्रशिक्षण देणारी संस्था देशात एकही नाही. परीक्षा सर्वांना खुली आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट बंद असेल, तर ती परीक्षा न्यायाची राहत नाही, पहाऱ्याची होते.

१७/
ही अडचण वालचंद हिराचंद यांच्या अनुभवाला आली. सोलापूरच्या या उद्योगपतीने नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या स्मरणार्थ आज राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. मालकी भारतीय झाली, पण दाखलेधारक भारतीय अधिकारी कोठून आणायचे? जहाज विकत घेता येते, कप्तान घडवायला दशक लागते. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्या वालचंदांचे नाव आहे, ते हेच.

१८/
विधिमंडळात सर शिवस्वामी अय्यर यांच्यासारख्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९२३ मध्ये रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व्यापारी नौकानयन समिती नेमली गेली. तिने मुंबईत प्रशिक्षण जहाज सुरू करण्याची शिफारस केली. १९०४ मध्ये पाण्यात उतरलेले 'डफरिन' हे जुने सैन्यवाहू जहाज त्यासाठी निवडले गेले. १९२७ मध्ये मुंबई बंदरात, माझगावसमोर नांगरलेल्या या जहाजावर भारतीय मुलांची पहिली तुकडी दाखल झाली. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे तिचे पहिले प्रमुख.

१९/
डफरिनवर मुले पहाटे डेक धूत, दोरांच्या गाठी शिकत, होड्या वल्हवत आणि दिवसा गणित, भूगोल, नौकानयनशास्त्र अभ्यासत. ब्रिटिश कंपन्यांनी त्यांना उमेदवारीवर घेण्यात प्रारंभी फारसा उत्साह दाखवला नाही. सिंदियाच्या जहाजांचा मोठा आधार झाला. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा एक मुलगा होता. एप्रिल १९५८ मध्ये तो भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. ज्या देशात अधिकारी होण्याला लायक मुलेच मिळणार नाहीत असे म्हटले जात होते, तिथे पहिल्या पटावरच नौदलप्रमुखाचे नाव होते.

२०/
डफरिनचे खरे ऐतिहासिक महत्त्व याहून व्यापक आहे. आता दर्यावर्दी होण्यासाठी तांडेलाच्या पोटी जन्म घेण्याची गरज उरली नाही. समुद्र कधी न पाहिलेल्या माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या मुलालाही गणित, प्रकृती आणि चिकाटी यांच्या बळावर ही वाट धरता येऊ लागली. देश आणि कोकण यांमधली विद्येची भिंत प्रथमच कागदावर तरी ढासळली. अर्थात इंग्रजी शिक्षण आणि खर्च परवडणाऱ्या घरांना ही वाट सोपी होती. किनाऱ्यावरचा कोळ्याचा मुलगा, ज्याला समुद्र आधीच ठाऊक होता, तो बहुधा बाहेरच राहिला. हा अन्याय नोंदवल्याशिवाय डफरिनचा गौरव पूर्ण होत नाही.

२१/
स्वातंत्र्यानंतर ही घडी विस्तारली. १९४८ मध्ये मुंबईत नौकानयन व अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे त्याला लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले. १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालय आणि १९५८ मध्ये व्यापारी नौवहन कायदा आला. खलाशांसाठीही प्रशिक्षण जहाजे सुरू झाली. १९७२ मध्ये डफरिनची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ मध्ये नवी मुंबईच्या किनाऱ्यावर 'चाणक्य' उभे राहिले. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने नाविकांच्या प्रशिक्षणाचे व दाखल्यांचे किमान निकष जगभर समान केले. मुंबईत मिळालेला दाखला रॉटरडॅममध्येही अर्थपूर्ण ठरू लागला.

२२/
हा दाखला नेमके काय तपासतो? समोरून जहाज आले तर कोणी कोणत्या बाजूला वळायचे. होकायंत्राची चूक कशी काढायची. भरतीचे पाणी किती चढेल. वादळाच्या कोणत्या अंगाला राहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, जहाजाचा तोल. नावेत वजन वाढले की तिचा काठ पाण्याला टेकू लागतो. त्यातच माणसे उभी राहिली की भाराचा मध्य वर सरकतो आणि लहानशा धक्क्यानेही नाव कलंडते. अनुभवी नावाड्याला हे हातांनी कळते. परीक्षा त्याला 'का' हे सांगते आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार देते. मालक 'आणखी दहा घ्या' म्हणतो, तेव्हा हा अधिकारच जीव वाचवतो.

२३/
घरातली विद्या आणि दाखल्याची विद्या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. १९६० च्या दशकात मुंबईच्या सुतारांनी पारंपरिक पद्धतीने सागवानाची 'सुहेली' नावाची शिडाची नौका बांधली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी नौदलात शिकून तयार झालेला अधिकारी. एप्रिल १९६९ मध्ये याच नौकेतून त्याने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. जगात तसे प्रथमच घडले. चाळीस वर्षांनी नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणेस निघाले, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकांत हाच नॉक्स-जॉन्स्टन होता.

२४/
समुद्र दूर असला तरी सातारा-सांगलीला पाणी दूर नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने १९६० च्या दशकात जावळी-पाटणच्या खोऱ्यातील रस्ते आणि गावे पोटात घेतली. तेव्हापासून तापोळा-बामणोली परिसरातील अनेकांसाठी लाँच हीच एसटी आहे. शाळकरी मुले, आजारी माणसे, बाजाराची पोती, सारे पाण्यावरूनच जाते. देशांतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा कायदा होता; त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली. नौकेची नोंदणी व तपासणी आणि चालकाचा सक्षमतेचा दाखला ही त्याची मुख्य सूत्रे आहेत.

२५/
हे किती निकडीचे आहे, ते ८ ऑगस्ट २०१९ रोजी कळले. कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली. स्त्रिया आणि लहान मुलांसह अनेकांचा बळी गेला. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. नाव चालवणारे आपल्याच माणसांना वाचवत होते. त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पुराच्या पाण्याला धैर्याचे वजन कळत नाही, माणसांचे कळते. किती जणांना घ्यायचे आणि अंगावर जीवरक्षक जाकीट नसलेल्याला का थांबवायचे, हे पूर येण्याआधीच शिकवावे लागते.

२६/
राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची वर्सोव्यासारख्या ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे आहेत. तिथे मासेमारीचा अनुभव असलेल्या आणि पोहता येणाऱ्या तरुणांना सहा महिन्यांत नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवली जाते. घरची विद्या हीच प्रवेशाची पात्रता आणि तिच्यावर शास्त्राचा कळस. १९२७ मध्ये कोळ्याच्या मुलाबाबत जे राहून गेले, त्याची ही उशिरा झालेली भरपाई म्हणता येईल. कृष्णा-कोयनेच्या काठावरच्या नावाड्यालाही असे शिक्षण त्याच्या भाषेत आणि त्याच्या गावाजवळ मिळाले, तर ब्रह्मनाळने मोजलेली किंमत व्यर्थ जाणार नाही.

२७/
वंदन गडावर आज तटबंदीचे अवशेष आहेत, वारा आहे. या गडाच्या कैदेत तुळाजी आंग्रे कोकणकिनारा डोक्यात घेऊन बसला होता : खाडीतला खडक, ओहोटीची वेळ, विजयदुर्गाच्या पाण्याची खोली. ते ऐकून लिहून घेणारा, शिकणारा आणि त्याची परीक्षा देणारा कोणी त्याच्यासमोर नव्हता. शूर माणसे या भूमीला कधी कमी पडली नाहीत. त्यांना ठाऊक असलेले त्यांच्या मागे उरावे, यासाठीच शाळा असते, परीक्षा असते आणि त्या परीक्षेच्या शेवटी हाती पडणारा तो साधा कागद असतो.